मामाने आणलेला पावडरचा डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. जुना म्हणजे फार काही पुराणकाळातला नाही, पण आम्हा प्लास्टिकच्या डब्यांचं आयुष्य ते केवढं! आतला माल संपला की थेट भंगारवाल्याचं पोतं. त्या मानाने मी पुष्कळ जगलो आणि चांगल्या माणसांत जगलो. अंगाने काळा, पोटाने गोल आणि डोक्यावर सोनेरी झाकण. झाकणाचा सोनेरी रंग आता कडेकडेने उडाला आहे. अंगावरचा कागदही गेला. एका बाजूला फक्त एक फुगलेला दंड उरला आहे. ज्या पहिलवानाचा तो दंड, तो पहिलवान केव्हाच घासणीने खरवडला गेला.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. प्लास्टिकचे दाणे वितळवतात, साच्यात हवा मारतात आणि आम्हाला फुगवतात. थोडक्यात, मी जन्मापासूनच फुगलेला! मग एका स्वच्छ खोलीत माझ्या पोटात चॉकलेटच्या वासाची पावडर भरली गेली, वर एक चमचा टाकला गेला आणि चंदेरी कागदाने तोंड बंद झालं. शेवटी अंगाला झगमगीत कागद गुंडाळला. पुढच्या बाजूला तो पहिलवान आणि त्याच्याभोवती मोठमोठी अक्षरं : ताकद, चपळाई, स्मरणशक्ती, दाट केस, भरपूर झोप, भरपूर भूक. पाठीवरही काहीतरी लिहिलं होतं, पण ते मुंगीएवढ्या अक्षरात. पाठ कोण बघतो? मला स्वतःचीच छाती दिसायची आणि मी खूश असायचो.

तिथून मी यवतला आलो. हमरस्त्याला लागून सम्राट नावाच्या तरुणाचं दुकान होतं. एका भिंतीला मोबाइलची कव्हरं, दुसऱ्या भिंतीला आम्ही डबे. शेजारीच सोपानरावांचा ढाबा. गिऱ्हाइकांची गर्दी ओसरली की सोपानराव खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसत दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचे. एके दिवशी बसल्या बसल्या त्यांची नजर माझ्यावर गेली.

"सम्राट, आमची भाची हाय निमोण्याला. पूनम. पोलीस भरतीची तयारी करती. पळताना लई दम लागतो, म्हणत हुती तिची आई. काय देतोस तिला?"

"ह्यो डबा न्या, मामा," म्हणत सम्राटने मला काउंटरवर ठेवलं. "ह्याच्यात समदं हाय. महिन्याभरात हरणावानी पळंल बघा पोरगी."

"डॉक्टरला इचाराय लागतंय का?"

"पावडरला कशाला डॉक्टर? ह्ये काय औषध हाय का? ताकद हाय ताकद!"

सोपानरावांना पटलं. भाचीला काय द्यावं आणि काय नको, असं झालेला मामा तो. त्यांनी मला मोटारसायकलच्या टाकीवर ठेवलं, पोटाशी घट्ट धरलं आणि भीमेचा पूल ओलांडून दौंड तालुक्यातून शिरूर तालुक्यात आणलं. वाटेत प्रत्येक गतिरोधकाला ते मला म्हणायचे, "सांभाळ रं बाबा." इतक्या प्रेमाने मला पूर्वी कोणी धरलं नव्हतं.

निमोण्याच्या त्या मळ्यात चार माणसं राहत होती. पूनमचे वडील संपत गाई सांभाळायचे, आई सविता घर आणि शेत दोन्ही ओढायची. आणि पूनमचे आजोबा म्हस्कूआबा. आबांची उमर मेंढरांमागे चालण्यात गेली होती. आता मेंढरं नव्हती, चार शेळ्या तेवढ्या उरल्या होत्या, मेंढपाळांचा फिरता वाडा एका जागी बसला होता, पण आबा अजूनही ओट्यावर काठी टेकून असे उभे राहायचे, जणू समोर कळप चरतोय.

पूनमला खाकी वर्दी घालायची होती. मागच्या भरतीत आठशे मीटरच्या धावण्यात ती थोडक्यात मागे पडली होती. घरात तेव्हाच ठरलं होतं, की अजून एकदा प्रयत्न करायचा. या वेळीही मैदान निघालं नाही, म्हणजे मैदानी चाचणी पार पडली नाही, तर आत्याने आणलेल्या स्थळाला होकार द्यायचा. संपत मुलीच्या मुळावर उठलेला बाप नव्हता, पण पाव्हण्यांना किती दिवस थांबवायचं, हा त्याचा प्रश्न होता. तेव्हा मित्रांनो, त्या आठशे मीटरमध्ये पोरीचं पुढचं सगळं आयुष्य बसलं होतं, आणि घरादाराने तो भार माझ्या डोक्यावर ठेवला.

मला टीव्हीशेजारच्या कपाटात मानाची जागा मिळाली. आल्यागेल्याला मला दाखवलं जायचं. "आमची पूनम पावडर खाती," असं सविता सांगायची तेव्हा मी आणखी फुगायचो. फक्त आबांना माझं कौतुक नव्हतं. त्यांनी झाकण उघडून एकदा वास घेतला आणि म्हणाले, "ह्ये तर आईयेगळ्या वासराला पाजत्यात तसलंच दिसतंय."

खरी गंमत पुढेच आहे. पूनमला दुधात कालवलेली पावडर आवडेना. मग सविताने काय करावं? तिने ती चहात घातली! गरम चहात माझ्या पावडरीच्या गुठळ्या व्हायच्या, आणि पूनम डोळे मिटून ते गिळायची. त्यात पोरीने आणखी एक शहाणपणा केला. माझ्या छातीवर लिहिलं होतं, एक पेला म्हणजे एक जेवण. तिने ते खरं मानलं आणि सकाळची भाकरी बंद केली. पहाटे चहा-पावडर, मग शिरूरच्या भरती अकॅडमीत पळणं, दुपारी भूक मेलेली, संध्याकाळी पुन्हा चहा-पावडर. ताटातली मेथी, मटकी, शेंगदाण्याची चटणी तशीच राहू लागली.

त्याच घरात गाईंची तऱ्हा बघा. गव्हाणीजवळ खनिज मिश्रणाची बादली असायची. जनावरांचे डॉक्टर येऊन गाय बघायचे, चारा कोणता, दूध किती, व्यायला किती अवकाश, हे सगळं विचारायचे आणि मग सांगायचे, हिला एवढं घाला, तिला नको. त्यांच्या शब्दाबाहेर संपत चिमूटभरही जास्त घालत नसे. एकदा शेजाऱ्याने कुठलीशी दूध वाढवायची पुडी आणून दिली, तर संपतने ती परत केली होती. "न बघता जनावराच्या पोटात काय बी घालायचं न्हाई," म्हणाला. हे मी कपाटातून ऐकलं होतं. पण गोठ्यातली अक्कल घरात आणायची असते, हे काही तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही.

दिवस जात होते आणि पूनम सुधारायच्या ऐवजी उतरत चालली होती. ओट्याच्या पायऱ्या चढली तरी धाप. केस विंचरायला बसली की फणीत झुबका. तिचा एक चाळा तर मला अजून आठवतो. तांदूळ निवडताना ती कच्चे तांदूळच तोंडात टाकायची. सविताला वाटायचं, पावडर कमी पडतेय. ती एकाचे दोन चमचे करायची. सोपानरावांचा फोन आला की विचारायचे, "डबा चालू हाय न्हवं?" आणि घर एका सुरात सांगायचं, "चालू हाय, चालू हाय."

मग अकॅडमीत सरावाची चाचणी झाली. पूनम दुसऱ्या फेरीत मैदानातच खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. तिच्या सरांनी तिला घरी आणून सोडलं. सगळे बाहेर बोलत होते तेव्हा ती आत येऊन कपाटापुढे उभी राहिली. मला उचललं आणि कपाळ माझ्या गार झाकणाला टेकवलं.

"एवढं खाती तुला, तरी पाय का उचलंना गं माझं?" तिचं 'गं' स्वतःलाच होतं, मला नव्हतं. "आता आत्याच्या पाव्हण्यांस्नी हो म्हणायचं का?"

माझ्या पोटात अजून निम्मी पावडर होती.  मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा माझ्या छातीवरच्या अक्षरांचा भार वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी नातीला ओट्यावर हाक मारली. तिला उन्हाकडे तोंड करून बसवलं, हनुवटी धरली आणि अंगठ्याने डोळ्याखालची पापणी हलकेच खाली ओढली. कळपातली मेंढी मागे पडायला लागली की ते असंच बघायचे. उघड्या दारातून मला सगळं दिसत होतं.

"आरं तिच्या! ही तर पार पांढरी पडलीय," आबा ओरडले. "संपत, हिकडं ये. मेंढराची पापणी आतून लाल पायजे. अशी पांढरी दिसली म्हंजी रगात न्हाई अंगात. जंत खात्यात. बकरांचं जंताचं औषध पडलंय माझ्याकडं, दे एक घोट पोरीला."

"आबा!" सविता चुलीपासून धावत आली. "माझी पोर हाय ती, मेंढी न्हवं! बकराचं औषध पाजताय व्हय?"

"मग दाव डॉक्टरला. पण दाव! त्या काळ्या डब्याच्या भरवशावर राहू नगंस. मागं पडलेल्या मेंढीला खुराक घालून उपेग न्हाई. का मागं पडली, त्ये आदी बघाय लागतं."

संपतने खिशातून मोबाइल काढला. त्याने दुधाच्या गाडीवाल्याला फोन लावला. सविताने पूनमला तयार केलं आणि निघताना मला उघड्या पिशवीत घातलं. "ह्ये चालू हाय म्हणून दावता येईल," ती म्हणाली. तिला वाटलं होतं, डॉक्टर मला बघून तिला शाबासकी देतील.

सरकारी दवाखान्यात सुलक्षणा मॅडम होत्या. त्या तिथल्या डॉक्टर. त्यांनी पूनमचं नाव विचारलं, नखं बघितली आणि मग अंगठ्याने तिची पापणी खाली ओढली. अगदी आबांसारखीच! पुढे त्यांनी विचारलं, "पाळी जास्त जाते का गं?" पूनमने मान खाली घातली. संपत उठला आणि बाहेर जाऊन उगाच दुधाच्या गाडीचं चाक बघू लागला. मग पूनम बोलली. वर्षभर खूप जात होतं, पण समद्यांचंच असं असतं, असं समजून ती गप्प राहिली होती.

"किती पोरी असं समजून गप्प बसतात," मॅडम म्हणाल्या. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. रक्त जाण्याचीही वेगळी तपासणी करायची, असं बजावलं. दुपारी कळलं, पूनमच्या अंगात रक्त फारच कमी होतं. हिमोग्लोबिन बाराच्या पुढे हवं, ते नऊच्याही आत होतं. संपतला आत बोलावलं गेलं.

"हिच्या रक्तात लोह कमी पडलंय," मॅडमनी समजावलं. "रक्त कमी असलं की अंगाला हवा पुरत नाही. मग ताकदीचं काहीही खा, धाप लागणारच. कच्चे तांदूळ खावेसे वाटतात ना? तेही त्यामुळेच."

"पण मॅडम, पावडर चालू हाय की," सविताने मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. मी छाती पुढे केली.

मॅडमनी मला उचललं आणि मित्रांनो, त्यांनी मला वळवलं. माझी पाठ वाचणारं ते पहिलं माणूस! त्यांनी चष्मा सारखा केला आणि बोट ठेवून वाचलं. "हे बघा, जे जास्त असतं ते आधी लिहितात. यात पहिलं नाव कशाचं? साखरेचं. यातली प्रथिनं तुमच्या घरच्या पेलाभर दुधात आणि मूठभर शेंगदाण्यांत आहेत. आणि लोह? ते अगदी तळाला, नावापुरतं."

"म्हंजी आमच्या भावानं इख दिलं व्हय पोरीला?" सविताने घाबरून विचारलं.

"नाही हो ताई, वाईट काही नाही यात. एखाद्याचं जेवणच कमी पडत असेल, तर डॉक्टर स्वतःहून अशी पावडर देतात. पण हिला जे कमी आहे, ते यात नाही. आणि हे घेतलं म्हणून हिने भाकरी सोडली, हे वाईट झालं. कशातून देता?"

"चहातून," सविता पुटपुटली.

मॅडमनी कपाळाला हात लावला, पण हसल्या. "चहा तर अन्नातलं लोहसुद्धा अंगाला लागू देत नाही!" मग संपतकडे वळून त्यांनी विचारलं, "गाई आहेत ना तुमच्या? खनिज मिश्रण कसं देता?"

"जनावरांचं डॉक्टर बघून सांगत्यात. चारा, दूध, समदं बघूनच."

"आणि पोरीला?"

 संपतची मान हळूहळू खाली गेली. मॅडमनी त्याला तसंच ठेवलं नाही. त्यांनी पूनमच्या हातात लोहाच्या लाल गोळ्यांची पाकिटं दिली, जंताची एक गोळीही दिली. लाल गोळी जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, आधी आणि नंतर तासभर चहा नाही, दूधही नाही, अंगात रक्त भरेपर्यंत जोराचं पळणं नाही.

"नुसत्या पालेभाजीवर न्हाई का भागायचं?" सविताने विचारलं.

"आता नाही. भाजी, कडधान्यं, अंडी खायचीच, पण खड्डा मोठा पडलाय. तो गोळ्यांनी भरायचा आणि मग जेवणाने टिकवायचा."

"मग मी बी घेऊ का ह्या लाल गोळ्या?" संपतने विचारलं. "मी बी दमतो हल्ली."

"तपासल्याशिवाय अजिबात नाही. नसताना घेतलेलं लोह अंगात साचून त्रास देतं. अहो, गरोदर बाईला वेगळं लागतं, तान्ह्या बाळाला वेगळं, तुमच्या आबांच्या वयाला वेगळं, आणि पोटभर चौरस जेवणाऱ्याला बहुतेक वेळा काहीच लागत नाही. काय कमी आहे ते आधी बघा. विकत घ्यायचंच झालं तर पाठ वाचा, परवान्याचा नंबर आणि तारीख बघा, इतर औषधं चालू असतील तर विचारा. आणि एकाच डब्यात जगातलं सगळं आहे असं कोणी म्हणालं, तर तिथून काढता पाय घ्या."

परतीच्या वाटेवर मी पिशवीत उलटा पडलो होतो. घरी आबांना सगळं कळलं तेव्हा त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "जंताची गोळी दिली न्हवं?" एवढंच विचारून ते खुशीत शेळ्यांकडे गेले. दुखणं निराळं निघालं होतं, पण त्यांच्या अंगठ्याची परीक्षा चुकली नव्हती.

त्या दिवसापासून कपाटातली माझी जागा लाल गोळ्यांच्या पाकिटांनी आणि पुढे पाळीच्या तपासणीनंतर मिळालेल्या औषधाने घेतली. खरं सांगतो, मला त्यांचा हेवा वाटला. ना वास, ना चित्र, ना पहिलवान! त्यात त्या गोळ्यांनी सुरुवातीला पूनमला मळमळायचं, शौचाला काळं व्हायचं. सविता घाबरून दवाखान्यात धावली, तर मॅडम म्हणाल्या, असं होतंच, घाबरू नका, भरल्या पोटी द्या. पूनमला मधूनमधून गोळ्या सोडाव्याशा वाटायच्या. तेव्हा आबा समोर बसून म्हणायचे, "गीळ. मी बघतोय." रोज सकाळी ते तिला उन्हात बसवून पापणी बघायचे आणि संपतला ओरडून सांगायचे, "आज जरा गुलाबी दिसतीय बरं का!" रोजच्या रोज ती काही बदलत नसते, पण नातीला ते ऐकून बरं वाटायचं.

माझी उरलेली पावडर संपत वासराला घालायला निघाला होता. आबांनी काठी आडवी घातली. "वासराला काय द्यायचं, त्ये वासराच्या डॉक्टरला इचार." घर हसलं. शेवटी पूनमने ती संध्याकाळच्या दुधातून, कधीमधी, गोडाधोडासारखी संपवली. मी रिकामा झालो. मग संपतने मला गोठ्यात नेलं आणि माझ्यात खिळे आणि सुतळ्या टाकल्या. कोणी माझ्याकडे बघेना. शेणाच्या उडालेल्या थेंबांनी पहिलवानाचं तोंड बरबटलं.

सोपानराव पुन्हा आले तेव्हा ते गोठ्यात हात धुवायला गेले, आणि त्यांना मी दिसलो.

"सविते, माझ्या डब्यात खिळं?" त्यांचा चेहरा पडला.

सविताने त्यांना सगळं सांगितलं. सांगताना भावाला लागू नये म्हणून ती शब्द चाचपत होती. सोपानराव गव्हाणीच्या काठावर बसले. "मला काय कळतंय गं त्यातलं? पोरगी दमती म्हणालीस, म्हणून आणला. मामानं लग्नात द्यायचं असतं समदं. म्हटलं, हिला पळायलाच कायतरी देऊ." त्यांनी टॉवेलने डोळे पुसले. "म्या त्या सम्राटला इचारलं हुतं, डॉक्टरला इचाराय लागतं का म्हणून. इचारलं हुतं गं म्या."

पूनम दारात उभी होती. ती आत आली, खिळे जमिनीवर ओतले आणि मला नळाखाली धरलं. घासणीने मला खसाखसा घासलं. पहिलवान गेला, ताकद गेली, चपळाई गेली, दाट केस गेले. राहिला तो हा एक दंड.

"मामा, ह्याचं झाकण बघा कसं घट्ट बसतंय. मुंगीसुद्धा शिरत न्हाई," ती म्हणाली. "मैदानाला मी हाच डबा नेणार. तुमी दिलाय म्हणून."

माझ्यासारख्या डब्याला रडता येत नाही. आलं असतं तर मी तिथेच नळापेक्षा जास्त वाहिलो असतो.

काही महिन्यांनी तपासणीत रक्त भरलेलं दिसलं, मॅडमनी पळायला परवानगी दिली आणि सराव होता होता भरतीचा दिवस जवळ आला. सविताने अळिवाचे लाडू केले. ओलं खोबरं, गूळ आणि भिजवलेले अळीव. "ह्ये तर बाळंतिणीचं खाणं," म्हणत आबांनीच पहिला उचलला. प्रवासाला टिकावेत म्हणून तिने शेंगदाणे, तीळ आणि बाजरीच्या पिठाचे लाडूही वळले आणि ते माझ्यात भरले. मित्रांनो, एका कारखान्याने मला भरलं होतं तेव्हा मी फुगलो होतो. सविताच्या हातांनी भरलं तेव्हा मी पहिल्यांदा भरलो.

भरतीच्या दिवशी मी मैदानाच्या कडेला पूनमच्या बॅगेत होतो. मला दिसत काहीच नव्हतं. शिट्टी ऐकू आली, मग पावलांचा आवाज, तो लांब गेला, परत आला, पुन्हा लांब गेला. दुसऱ्या फेरीला माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं, कोणी खाली बसल्याचा आवाज येतो का. तो आला नाही. थोड्या वेळाने बॅगेची चेन उघडली. पूनमचा गरम हात आत आला. तिने माझं झाकण फिरवलं, एक लाडू तोंडात घातला आणि भरल्या तोंडानेच घरी फोन लावला.

"आबा, निघालं! मैदान निघालं!"

पलीकडून आबांचा आवाज आला, "आदी घास गीळ, मग बोल. ठसका लागंल."

लेखी परीक्षा झाली, यादी लागली, यादीत पूनमचं नाव होतं. सोपानरावांनी ढाब्यावर त्या दिवशी सगळ्यांना पेढे वाटले आणि उरलेले माझ्यातच भरून आणले. आत्याच्या पाव्हण्यांना संपतने स्वतः फोन करून सांगितलं, "पोरगी ड्युटीवर निघालीय." ते सांगताना त्याची मान ताठ होती.

आता मी प्रशिक्षण केंद्रात, पूनमच्या पलंगाखाली राहतो. घरून कोणी आलं की मी भरतो, मैत्रिणी जमल्या की रिकामा होतो. मला त्या घराचे उपकार विसरता येत नाहीत. माझी पाठ वाचली गेली, तरी त्यांनी मला फेकलं नाही.

परवाचीच गोष्ट. शेजारच्या पलंगावर सृष्टी नावाची मुलगी आहे. कवायतीवरून आली की भिंतीला टेकून बसते. तिने मला ओळखलं, माझ्या दंडावरून.

"पूनम, हे प्रोटीन भारी असतं म्हणे. मलाही दे ना. हल्ली पायऱ्या चढले तरी दम लागतो."

पूनमने झाकण उघडून तिच्या हातावर लाडू ठेवला. तो तिने खाऊ दिला. मग तिचा हात धरून तिला खिडकीपाशी नेलं, उन्हाकडे तोंड करून उभं केलं आणि अंगठ्याने तिची पापणी हलकेच खाली ओढली.

मित्रांनो, माझं मागणं एवढंच आहे. दुकानात माझे भाऊबंद ओळीने बसलेले आहेत आणि प्रत्येकाची छाती पुढे आहे. त्यांना खुशाल घरी न्या, पण न्यायच्या आधी वळवून बघा. आणि तुमच्या घरात कोणी मागे पडत असेल, तर त्याच्या हातावर काही ठेवण्याआधी त्याला उजेडात घ्या. परवा ती पापणी बघून "चल," पूनम सृष्टीला म्हणाली, "आत्ताच दवाखान्यात जाऊ. मी येते बरोबर." तिने माझं झाकण घट्ट लावलं आणि दोघी निघून गेल्या.